सौजन्य : फक्त कामाच्या वेळेत

पगार ज्या तासांचा मिळतो, सौजन्यही त्याच तासांत खर्चायचं असतं, हे आधी नीट समजून घ्या. ऑफिसात तुम्ही दिवसभर 'प्लीज' म्हणता, साहेबांसाठी दार धरून उभे राहता, नको तिथेही हसता. एवढं झाल्यावर संध्याकाळी लिफ्टमध्ये धावत येणाऱ्या कुणासाठी बटण दाबून धरायला बोटात त्राण उरणार कुठून? तेव्हा बाहेर पडलात की मोकळे व्हा.

हॉटेलात वेटरला चुटकी वाजवून बोलवा. समोर बसलेले स्नेही फक्त तुम्ही त्यांच्याशी किती आदबीने बोलता तेवढंच बघतात. चुटकी त्यांना ऐकूच येत नाही. पुढच्या वेळी ते जेवायला आले नाहीत, तर कामात असतील बिचारे. रांगेत 'एकच विचारायचंय' म्हणत पुढे शिरा. गाडी दुसऱ्याच्या फाटकासमोर लावा, मात्र इंडिकेटर लुकलुकता ठेवा. तो चालू असला की गाडी लावली असं धरतच नाहीत.

कुणी नावं ठेवलीच तर मानसशास्त्र पुढे करा. १९७३ साली डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत धाडलं, वाटेत एक माणूस कण्हत बसवून ठेवला. काहींचा भाषणाचा विषय तर वाटेतल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परोपकारी प्रवाशाची बायबलमधली कथा हाच होता! 'उशीर झालाय' असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातले जेमतेम १० टक्के मदतीला थांबले. सवड असलेल्यांतले ६३ टक्के. म्हणजे भावी धर्मोपदेशकांची ही गत, तर तुम्ही-आम्ही कोण? आणि तुम्हाला तर सदाचीच घाई.

फक्त ही सवलत शेजाऱ्याला देऊ नका. तुम्ही हॉर्न वाजवता ते ट्रॅफिकमुळे, तो वाजवतो ते घरचं वळणच तसलं म्हणून. दुसऱ्याची परिस्थिती न बघता थेट त्याच्या स्वभावाला बोल लावायच्या या खोडीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये 'मूलभूत आरोपण चूक' (फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर) असं नाव दिलं. नाव भारदस्त आहे, बिनधास्त वापरा.

अडचण एकच. शेजारीही तीच चूक करतो, आणि ती तुमच्या बाबतीत. तुम्ही किती तास राबून आलात, कुणाचं बोलणं खाऊन आलात, त्याला काय ठाऊक? त्याच्यापर्यंत पोचतो तो तुमचा हॉर्न. त्याच्या लेखी तुमचं अख्खं चरित्र तेवढंच. याला इलाज म्हणून दर हॉर्नसोबत खुलाशाचं एक पत्रक वाटता येईल. छपाईचा खर्च तेवढा सोसा.

ते जमत नसेल तर निदान रस्त्यावर तोंड उघडण्यापूर्वी गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात टाका. त्यावर कंपनीचं नाव ठळक असतं, आणि फोटोत तुम्ही हसताय.