व्यंगचित्रांनी खाणी बंद पाडल्या?

वास्कोच्या बंदरातल्या कोळशावर किंवा सांगे-डिचोलीच्या खाणींवर एखादं व्यंगचित्र फिरू लागलं, की गोव्यातल्या ग्रुपांवर हा मजकूर येतोच: ‘व्यंगचित्रकार प्रगतीचे कायमचे वैरी. आधी लसीला हसले, मग कारखान्यांना. दर वेळी खोटे ठरले. त्यांच्याच अपप्रचाराने आपल्या खाणी बंद पडल्या.’

लसीपुरतं मान्य. इंग्रज व्यंगचित्रकार गिलरेच्या १८०२ च्या चित्रात देवीची लस टोचलेल्या माणसांच्या अंगातून गाई फुटतात. ती भीती निराधार निघाली.

पण ‘दर वेळी’? लंडनची थेम्स बघा. १८२८ मध्ये व्यंगचित्रकार विल्यम हीथने तिच्या पाण्याचा एक थेंब मोठा करून दाखवला: आत वळवळणारे अक्राळविक्राळ जीव, आणि ते पाहून हातातला चहाचा कप टाकणारी बाई. अतिशयोक्ती होतीच. पण ज्या नदीत शहराची घाण जात होती, तिचंच पाणी कंपन्या लोकांना विकत होत्या. १८५५ मध्ये शास्त्रज्ञ फॅरेडेने नदीत पांढऱ्या कार्डाचे तुकडे टाकले. इंचभर बुडायच्या आत ते दिसेनासे झाले. लगेच ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात चित्र आलं, नाक दाबून थेम्सबाबाच्या, म्हणजे माणसाच्या रूपातल्या नदीच्या, हाती कार्ड देणारा फॅरेडे. १८५८ च्या उन्हाळ्यात दुर्गंधी पार्लमेंटमध्येच शिरली, तेव्हा कुठे गटारांचा कायदा झाला. तोवर कॉलऱ्याने हजारो माणसं नेली होती. यातलं काय खोटं ठरलं?

कारखान्यांचंही तेच. ब्रिटनच्या कोळसाखाणीत लहान मुलं राबतात, हे १८४२ च्या सरकारी चौकशीत उघड झालं. पुढच्याच वर्षी ‘पंच’ने वर ऐषारामात लोळणारं मालकाचं कुटुंब आणि खाली जमिनीच्या पोटात राबणारी माणसं एकाच चित्रात मांडली. कोळसा काढू नका, असं त्यात कुठेही नाही. त्याची किंमत कोण मोजतंय, एवढंच विचारलंय.

आता आपल्या खाणी. २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. या खाणींची लीज, म्हणजे खाणपट्ट्यांची मुदत, २००७ मध्येच संपली होती, असं न्यायालयाने २०१४ च्या निकालात सांगितलं. तरी सरकारने नूतनीकरण केलं, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं.

ट्रकवाल्यांचे हप्ते थकले, घरं अडचणीत आली, हे मी जवळून जाणतो. पण त्याचा जाब संपलेल्या लीजवर खनिज काढणाऱ्यांना आणि ते काढू देणाऱ्यांना विचारायला हवा. खाणींतून शेतात उतरलेला लाल गाळ चित्रात दाखवणाऱ्याला कशासाठी?