विश्वासास पात्र नाही

अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आयुष्यभर ऑडिट केलं. त्यामुळे समोर आलेला मजकूर न वाचता पुढे जाणं त्यांना जमत नाही. औषधाच्या खोक्यातली ती घडी घातलेली पातळ चिठ्ठीसुद्धा ते दोन्ही बाजूंनी वाचतात. अशा माणसाला मी माझा जुना फोन द्यायला निघालो होतो. त्यांच्या फोनच्या काचेची पडून जाळी झाली होती आणि माझा कपाटात नुसता लोळत होता. पुसला, चार्ज केला, आतला माझा पसारा काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा सावरला, बाजूचं बटण दाबून धरलं, आणि काळ्या पडद्यावर एक नारिंगी इशारा उमटला.

अप्पांनी तो मोठ्याने वाचला. मग सवयीने त्याचं मराठी केलं. "हे उपकरण अनलॉक केलेलं असून ते विश्वासास पात्र नाही. उपकरण ५ सेकंदांत सुरू होईल."

ते पाचही सेकंद कोणी बोललं नाही.

"विश्वासास पात्र नाही," अप्पा पुन्हा म्हणाले. या वेळी त्यांची नजर फोनवर नव्हती.

"तसं काही नसतं, अप्पा. सुरू होताना दर वेळी तो असंच म्हणतो."

"दर वेळी म्हणतो?" त्यांनी फोन हलकेच टेबलावर ठेवला. ऑडिटमध्ये फाइल परत पाठवायची पद्धत असावी तसा.

आता यातला माझा गुन्हा सांगतो. तीन वर्षांपूर्वी मला स्वातंत्र्याची उबळ आली होती. फोन माझा आहे, तर त्यात काय चालायचं ते मी ठरवणार! सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारल्या की 'तुम्ही आता डेव्हलपर झाला आहात' असं फोनच जाहीर करतो. माझ्या ओळखीतले खरे डेव्हलपर या पदाला पोचायला सात-सात वर्षं झिजलेत. मी सात टिचक्यांत पोचलो. मग 'ओईएम अनलॉकिंग'चं, म्हणजे अनलॉक करायच्या परवानगीचं, बटण चालू केलं, संगणकाला फोन जोडला, एक आज्ञा दिली, आणि बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करून देणारा प्रोग्राम, अनलॉक. मग मॅजिस्क नावाच्या ॲपने फोन रूट केला, म्हणजे त्यातले सगळे अधिकार माझ्या हाती घेतले, पुढे कस्टम रॉम, म्हणजे कंपनीऐवजी इतरांनी बनवलेली प्रणाली, टाकली आणि घड्याळ पडद्याच्या मधोमध आणून ठेवलं. तीन वर्षांत या स्वातंत्र्याचा मी घेतलेला सगळ्यात मोठा लाभ म्हणजे ते घड्याळ.

बदल्यात काय गेलं ते हळूहळू कळत गेलं. बँकेच्या ॲपने एके दिवशी मला दारातूनच परत पाठवलं. सिनेमे धूसर दिसू लागले, कारण व्हिडिओच्या संरक्षणाची पातळी एल१ वरून एल३ वर घसरली होती आणि एल३ असेल तर एचडी मिळत नाही. मग ॲपपासून रूट लपवायचे खेळ सुरू झाले. आज लपवलं की पंधरा दिवसांनी ॲप ओळखायचं, पुन्हा लपवायचं. स्वतःच्याच पैशांची शिल्लक बघायला मी चोरासारखा वेश पालटून जात होतो. शेवटी कंटाळून नवा फोन घेतला आणि हा कपाटात टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बायको म्हणाली, "मग जसा होता तसा करून दे ना. उघडलेलं कुलूप लावायला कितीसा वेळ लागतो?"

या वाक्यात किती लोकांचे किती फोन गेलेत, याची तिला कल्पना नव्हती. मलाही नव्हती, म्हणून मी "अर्धा तास" म्हणालो.

सुरुवात केबलपासून झाली. फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे संगणकाकडून थेट आज्ञा घेण्याच्या अवस्थेत, नेला, संगणकावर आज्ञा दिली, आणि त्यावर उत्तर आलं: कुठल्याही उपकरणाची वाट बघतो आहे. कर्सर लुकलुकत राहिला. 'तुमच्या' नाही, 'अमुक' नाही, 'कुठल्याही'. इतकी माफक अपेक्षा ठेवूनही त्याच्या वाट्याला काही येत नव्हतं. आमच्या घरात एक खण केबलींचा आहे. त्यातल्या निम्म्या केबलींना फक्त विजेची ने-आण येते, डेटाशी त्यांचा संबंध नाही. आणि दिसायला सगळ्या सारख्याच. अकरा केबली लावून पाहिल्या. बाराव्या केबलीने संगणक 'टुंग' असा वाजला, पण उपकरण दिसेना. फोन नेहमीसारखा चालू असताना लागणारा ड्रायव्हर वेगळा आणि फास्टबूटमध्ये लागणारा वेगळा, हे ज्ञान मला डिव्हाइस मॅनेजरमधल्या एका पिवळ्या त्रिकोणाने दिलं. अर्धा तास इथेच संपला.

माझ्याकडे मूळ फर्मवेअर, म्हणजे कंपनीने दिलेलं फोनचं सॉफ्टवेअर, होतं. तीन वर्षांपूर्वी अनलॉक करताना मी ते शहाण्या माणसासारखं जपून ठेवलं होतं. फोल्डर उघडला, 'फ्लॅश ऑल', म्हणजे 'सगळं फोनवर लिही', नावाच्या फाइलवर दोनदा टिचकी मारली, आणि काळ्या खिडकीत ओळी धावू लागल्या. पाठवतोय, ठीक. लिहितोय, ठीक. दर 'ठीक'ला मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटत होतं. फोन सुरू झाला. मूळचा रंग, मूळची रिंगटोन, कंपनीने लादलेली ती नको असलेली ॲपं, सगळं जागच्या जागी. त्या ॲपांना बघून एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

आता फक्त कुलूप. पुन्हा फास्टबूट, लॉकची आज्ञा. फोनने विचारलं, नक्की ना? कुलूप लावतानाही आतला सगळा डेटा पुसला जातो, हेही सांगितलं. आवाजाच्या बटणाने 'लॉक करा'वर गेलो, पॉवरचं बटण दाबलं. फोन बंद झाला, सुरू झाला, आणि पडद्यावर लाल त्रिकोण आला.

तुमचं उपकरण बिघडलेलं आहे. ते विश्वासास पात्र नाही आणि सुरू होणार नाही.

नारिंगी इशारा निदान पाच सेकंदांनी आत तरी सोडायचा. हा लाल तेवढाही सभ्य नव्हता. फोन बिघडून निर्जीव ठोकळा झाला की त्याला ब्रिक झाला म्हणतात, म्हणजे वीट. फोनची वीट झाली होती आणि मला वीट आला होता. एकाच शब्दाची दोन्ही लिंगं एका रात्रीत भोगणारा मी पहिलाच नसेन.

झालं काय होतं, ते नंतर कळलं. फोन सुरू होतो तेव्हा एक साखळी असते. प्रत्येक टप्पा पुढच्याची सही तपासतो आणि मगच सूत्रं त्याच्या हाती देतो. बूटलोडर हा त्यातला वॉचमन. अनलॉक करणं म्हणजे वॉचमनला "कोणी आलं तरी सोड" असं सांगणं; त्यावर तो सोडतो, पण दर वेळी कुरकुरतो. तीच ती नारिंगी सूचना. पुन्हा लॉक करणं म्हणजे त्याला ड्यूटीवर परत बोलावणं. तो लगेच घरभर फिरून एकेकाचं ओळखपत्र बघतो. आत एक जरी उपरा सापडला, तरी घर बंद. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७ पासून हे तपासणं फार कडक झालं आहे. त्याआधीचे वॉचमन इशारा देऊन वाट सोडायचे. आताचा वॉचमन मालकालाही ओळख दाखवत नाही.

आणि उपरा कोण होता? मीच आणून बसवलेला. मूळ फर्मवेअरमधली बूटची फाइल मी तीन वर्षांपूर्वी रूट करताना मॅजिस्कने पॅच केली होती, म्हणजे तिच्यात फेरफार केला होता. पॅच केलेल्या फाइलीचं नाव लांबलचक असतं, आज्ञा लिहिताना त्रास नको म्हणून मी तिला मूळ फाइलीचंच नाव दिलं आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवली. मूळ फाइल गेली. वॉचमन मोकळा होता तोवर ती तोतया फाइल आत बिनबोभाट चालली. मी चोराला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावलं आणि वर वॉचमनला जागं केलं.

खरी बूटची फाइल टाकावी म्हटलं तर उत्तर आलं: लॉक असताना फ्लॅश करता येणार नाही. लॉक आहे म्हणून फाइल बदलता येत नाही, फाइल चुकीची आहे म्हणून फोन सुरू होत नाही, आणि फोन सुरू होत नाही म्हणून सेटिंगमध्ये जाऊन अनलॉकची परवानगी देता येत नाही. हे गोल वाचताना जितकं सुबक वाटतं तितकं रात्री दीड वाजता वाटत नाही.

इथे माझ्या मदतीला माझा सगळ्यात भरवशाचा गुण धावून आला, तो म्हणजे विसरभोळेपणा. 'ओईएम अनलॉकिंग'चं ते बटण मी लॉक करण्याआधी बंद करायला विसरलो होतो. त्या परवानगीची नोंद फोन अशा जागी ठेवतो की डेटा पुसला तरी ती पुसली जात नाही. फास्टबूटला विचारलं, अनलॉक करता येईल का? उत्तर आलं: १. नुसता एकाचा आकडा. परीक्षेत शंभरापैकी शंभर मिळाल्यावरही मला इतकं बरं वाटलं नसतं. अर्थात तशी वेळ आली नाही. मी नीटनेटका माणूस असतो, तर तिथे शून्य आलं असतं आणि अप्पांना पेपरवेट मिळाला असता. जाणकार सांगतात, की लॉक केल्यानंतर फोन मूळ प्रणालीत एकदा सुखरूप सुरू झालेला डोळ्यांनी पाहावा आणि मगच ते बटण बंद करावं. मी जाणकार नसताना नेमकं तेच केलं होतं.

पुन्हा अनलॉक. पुन्हा सगळं पुसलं. या वेळी कंपनीच्याच अधिकृत पानावरून ताजं फर्मवेअर उतरवायचं ठरलं. ताजंच, कारण बऱ्याच फोनांत जुन्या आवृत्तीकडे परतायला बंदी असते. मोठी आवृत्ती एकदा नोंदली गेली की त्याहून लहान आकडा दिसताच वॉचमन हात आडवा करतो. शिवाय एकाच नावाच्या फोनचे वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगवेगळे मॉडेल क्रमांक असतात, आणि एका अक्षराचा फरक म्हणजे परक्याच घराचं सामान. तो क्रमांक फोनच्या पाठीवर इतक्या बारीक छापला होता की तो वाचायला मी नव्या फोनच्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढून मोठा केला. एकदा वाटलं, मी सुखी आहे. सॅमसंगच्या फोनांत तर एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो. परकं सॉफ्टवेअर टाकलं की तो उडतो तो कायमचा. पुढे कितीही मूळपदावर या, नोंद राहतेच. माझ्या फोनात तसली कुंडली नव्हती.

फाइल उतरली. आता ती जशीच्या तशी आली का हे ताडायला एसएचए-२५६ ची बेरीज, म्हणजे फाइलीवरून काढलेली खूण, कंपनीच्या पानावरच्या बेरजेशी जुळवायची. ६४ अक्षरं, त्यात आकडे आणि ए ते एफ. मी बायकोला हाक मारली. "मी वाचतो, तू पडद्यावर बघ. सात, ई, तीन, तीन, बी..."

"डी की बी?"

"बी. बदकातला."

अठराव्या अक्षरावर आमची ओळ हरवली. पुन्हा पहिल्यापासून. एकतिसाव्या अक्षरावर तिने माझ्याकडे बघितलं, एक बेरीज उचलून कॉपी केली, दुसरीच्या पानावर शोधाच्या चौकटीत चिकटवली, आणि पिवळ्या पट्टीत पूर्ण ओळ उजळली.

"जुळलं," ती म्हणाली आणि झोपायला गेली. काखेत कळसा होता. तो तिने बोलून दाखवला नाही, एवढे तिचे उपकार.

मग मात्र मी घाई केली नाही. सगळं टाकलं, फोन सुरू केला, फोन लावून पाहिला, कॅमेरा पाहिला, बोटाचा ठसा घेतला. तरी लॉकची आज्ञा लिहिल्यावर एंटरवर ठेवलेलं बोट बराच वेळ खाली जाईना. गेलं. फोन बंद. अंधारात पडद्यावर फक्त माझंच तोंड. मग कंपनीचा शिक्का आला, आणि तो नुसताच आला. नारिंगी नाही, लाल नाही, त्रिकोण नाही. कोणी काहीच म्हणालं नाही. फोन पुन्हा पुन्हा बंद-चालू करून मी ते मौन चार वेळा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी फोन अप्पांना दिला. त्यांनी चष्मा सावरून बटण दाबलं आणि शिक्का जाईपर्यंत डोळे मिटले नाहीत. "आज काही म्हणाला नाही," ते म्हणाले, आणि फोन खिशात टाकला. माझी फाइल मंजूर झाली.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन.

"अहो जावईबापू, 'फोनविषयी' म्हणून एक पान आहे, ते मी वहीत उतरवून घेत होतो. तो बिल्ड नंबर फार बारीक आहे हो. मोठा होतोय का बघायला त्याला जरा टोचत होतो, तर हा म्हणतो, मी डेव्हलपर झालो."

"अभिनंदन, अप्पा. आता तिथून बाहेर या."

"थांबा, वाचतोय. बरीच बटणं आहेत इथे. एक 'ओईएम अनलॉकिंग' म्हणून आहे. खाली लिहिलंय, बूटलोडर अनलॉक करू द्यावा." पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. "बाकी सगळी बंद आहेत. हे एक मात्र आधीपासून चालू दिसतंय. तारीख-वेळेसह नोंद करून ठेवलीय. हे आपणच...?"