खुलासा : सोलापूरचा पिनकोड ४१३००१ ही मूळ संख्या नाही

‘आपल्या सोलापूरचा पिनकोड मूळ संख्या आहे, विषम आहे, शेवटी १ आहे आणि ७, ११, १३, १७ कशानेच भाग जात नाही,’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. चारही भागाकारांत बाकी उरते, हे खरं. पण ३ ची कसोटी लावायचीच राहिली! अंकांची बेरीज करा : ४+१+३+०+०+१ = ९. म्हणजे ३ नेच काय, ९ नेही निःशेष भाग जातो आणि भागाकार ४५८८९ येतो. शेवटी १ असल्याने फक्त २ आणि ५ बाद होतात, बाकी काहीच ठरत नाही.

पुढचं काम चिकाटीचं. ४५८८९ चं वर्गमूळ २१४ च्या किंचित पुढे, म्हणून तिथपर्यंतच्याच मूळ संख्यांनी भागून पाहायचं. १०७ पर्यंत दर वेळी बाकी उरते. १०९ ने मात्र पूर्ण भाग जातो, भागाकार ४२१. त्याचं वर्गमूळ २१ हूनही कमी, आणि १९ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने त्याला भाग जात नाही, तो मूळच.

म्हणून ४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१. एकूण विभाजक १२. स्वतः संख्या सोडून उरलेल्यांची बेरीज १,९०,४५९ भरते, त्यामुळे ही परिपूर्ण संख्याही (म्हणजे स्वतः सोडून बाकी विभाजकांच्या बेरजेइतकीच असणारी) नव्हे.