लेस्टर पूर्व: एकगठ्ठा मतांची गोष्ट खरी नाही

ब्रिटनच्या राजकारणाचा विषय निघाला की घरच्या ग्रुपवर इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या लेस्टर पूर्व मतदारसंघाचं नाव हमखास येतं. ‘तिकडे आपल्या लोकांनी एकगठ्ठा मतदान करून मजूर पक्षाला धडा शिकवला,’ असं नाशिकचे मामा लिहितात आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. मी याच मतदारसंघात राहतो. हे तसं घडलेलं नाही, आणि ते तसं सांगितलं जाणं मला धोक्याचं वाटतं.

4 जुलै 2024 च्या संसदेच्या निवडणुकीत हुजूर पक्षाचं देशभर पानिपत झालं, 121 जागा उरल्या. 2019च्या तुलनेत त्यांनी नव्याने जिंकलेली एकमेव जागा लेस्टर पूर्व, 1987 पासूनचा मजूर पक्षाचा गड. हुजूर पक्षाच्या शिवानी राजा यांना 14,526 मतं मिळाली, मजूर पक्षाच्या राजेश अग्रवाल यांना 10,100. इथवर मामांचं बरोबर. पण 2019 मध्ये इथे हुजूर पक्षाचा उमेदवार 19 हजारांवर मतं घेऊन पडला होता. म्हणजे पक्षाची मतं घटली आणि जागा आली! एकगठ्ठा लाट असती तर हे कसं झालं असतं?

खरं कारण मतपत्रिकेवरच छापलेलं होतं. इथे यंत्र नाही. पेन्सिलीने फुली मारायची. नावं आडनावांच्या अनुक्रमाने, त्यामुळे कीथ वाझ आणि क्लॉडिया वेब तळाशी एकाखाली एक. वाझ मजूर पक्षाचे 32 वर्षं खासदार, वेब 2019 मध्ये त्याच पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या. या वेळी दोघंही पक्षाबाहेरून उभे. दोघांची मिळून 9,213 मतं, आणि राजांचं मताधिक्य 4,426. म्हणजे मजूर पक्षाची मतं फुटली. अग्रवाल लंडनचे उपमहापौर राहिलेले, बाहेरून आणलेले उमेदवार. राजा लेस्टरमध्येच जन्मलेल्या. याचाही फरक पडला, आणि तो मी कमी लेखत नाही.

शेजारच्या लेस्टर दक्षिणमध्ये तर 2019 ला 22 हजारांवर मताधिक्य मिळवलेले मजूर पक्षाचे जोनाथन अ‍ॅशवर्थ अपक्ष शॉकट अ‍ॅडम यांच्याकडून 979 मतांनी हरले. मतदान संपताच आलेल्या एक्झिट पोलने मजूर पक्षाला 410 जागा दिल्या होत्या, प्रत्यक्षात 411 आल्या. महिनाभर आधी भारतातले पोल साफ आपटलेले, म्हणून तिकडे इथल्या अचूकपणाचं फार कौतुक झालं. पण देशाची बेरीज जुळली म्हणून एकेका मतदारसंघाचा अंदाज जुळतोच असं नाही. सांगलीत विशाल पाटील अपक्ष निवडून आले, ते राज्याच्या सरासरीवरून कुणाला कळलं असतं?

सप्टेंबर 2022 मध्ये या शहरात हिंदू आणि मुस्लिम तरुण रस्त्यावर आमनेसामने आले होते. त्या आठवड्यात बाहेरून आलेल्या अफवांनी किती तेल ओतलं ते आम्ही पाहिलं आहे. ‘आपण त्यांना हरवलं’ अशी मांडणी पुण्या-नाशिकहून फिरत इथे पोचते, तेव्हा ती शेजाऱ्यांच्या फोनवरही पोचते. बेलग्रेव्ह रोडवर, इथल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, मिठाई घ्यायला येणाऱ्याने कुणाला मत दिलं हे त्याच्या आडनावावरून सांगता येत नाही, आणि तसं सांगायचा प्रयत्नही नको.

पुढची निवडणूक 2029 पर्यंत कधीही होईल. माझा अंदाज विचाराल तर वाझ आणि वेब रिंगणात नसतील आणि मजूर पक्षाने स्थानिक माणूस दिला, तर राजांना ही जागा राखणं जड जाईल. उजव्या विचारांच्या रिफॉर्म पक्षाने त्यांची मतं खाल्ली तर आणखीच. या मतदारसंघात राहणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींनाही इथे मताचा हक्क आहे, राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून. मतदार यादीत नाव घातलं नसेल तर या आठवड्यातच घाला.