हवेतून पाणी, पाण्यातून हवा आणि बॅकरकडून डॉलर

क्राउडफंडिंग करून, म्हणजे वस्तू बनायच्या आधीच इंटरनेटवर लोकांकडून पैसे गोळा करून, गॅजेट काढायचं ठरवलंत? उत्तम. फक्त एक पथ्य पाळा: ज्याला त्यातलं कळतं अशा माणसाला चुकूनही काही विचारू नका. एसी दुरुस्त करणारा, भोसरीतला मोल्डवाला, कुरियरच्या काउंटरवरचा पोरगा आणि सोसायटीतला सीए ही चार माणसं तुमच्या कल्पनेची पाच मिनिटांत वाट लावतील, तीही एका चहाच्या मोबदल्यात. आपल्याला हीच पाच मिनिटं दोन-चार वर्षं लांबवायची आहेत आणि मधल्या काळात जगभरच्या हजारो लोकांकडून, म्हणजे ‘बॅकर’ मंडळींकडून, पैसे घ्यायचे आहेत. धंदा एवढाच, बाकी सगळा तपशील.

कल्पना अशी हवी, की ऐकणारा म्हणाला पाहिजे, ‘अरे, हे आधी कुणाला कसं सुचलं नाही?’ बहुतेक वेळा सुचलेलं असतं. ज्याला सुचलं त्याने पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला आणि कागद फेकून दिला. तुम्ही कल्पना उचला, कागद तिथेच राहू द्या.

उदाहरणार्थ, आपोआप भरणारी पाण्याची बाटली. २०१६ मध्ये फॉन्टस नावाच्या ऑस्ट्रियातल्या प्रकल्पाने इंडिगोगो या क्राउडफंडिंगच्या वेबसाइटवर अशा बाटलीसाठी तीन लाख डॉलरच्या वर जमवले. रचना सोपी आहे. वर छोटं सोलर पॅनल आणि आत पेल्टिअरची चिप. तिच्यातून करंट सोडला, की एक बाजू गार होते आणि दुसरी गरम. गार बाजूवर हवेतली वाफ जमते आणि थेंब बाटलीत पडतात. तत्त्व शंभर टक्के खरं आहे. हे फार महत्त्वाचं. तत्त्व नेहमी खरंच घ्यावं, गोंधळ फक्त आकड्यात असावा.

आकडा असा. एक किलो वाफेचं पाणी करायचं तर तिच्यातून साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. तासाला अर्धा लिटर हवं असेल तर १,२०० किलोज्यूल, म्हणजे सतत ३३३ वॉट. पेल्टिअर मुळात कामचुकार. एक वॉट उष्णता उपसायला त्याने एकच वॉट वीज खाल्ली तरी पाठ थोपटायची, बहुधा तो दोन खातो. आपण पाठ थोपटूनच चालू. म्हणजे वीज ३३३ वॉट. भर दुपारी एक चौरस मीटर चांगलं पॅनल २०० वॉट देतं, म्हणून बाटलीवर सहा बाय तीन फुटांच्या गादीएवढं पॅनल लागेल. प्रत्यक्षात मावतं २० बाय २५ सेंटिमीटरचं, आणि ते देतं १० वॉट. त्यातून तासाभरात मिळणारं पाणी १५ मिलिलिटर. तीन चमचे. शिवाय यात हवा स्वतः गार व्हायला लागणारी वीज धरलेली नाही आणि गरम बाजूची उष्णता बाहेर फेकणारा पंखाही नाही.

हवेचा हिशेब वेगळाच. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली, तर एका घनमीटर हवेत २४ ग्रॅम वाफ असते. ती हवा १५ अंशांपर्यंत गार केली तर त्यातली ११ ग्रॅम सुटते. अर्ध्या लिटरसाठी सुमारे ४५ घनमीटर हवा, म्हणजे दहा बाय दहाच्या दीड खोल्यांची सगळी हवा तासाभरात त्या बाटलीच्या तोंडातून जायला हवी.

आता मार्केटिंग. बाटली वाळवंटात दाखवा, कारण तिथे पाणी नसतं. ४० अंश आणि १० टक्के आर्द्रता असेल तिथे दवबिंदू, म्हणजे वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, दोन-तीन अंशांवर उतरतो, म्हणजे एक थेंब पडायलाही बाटलीचा फ्रीज व्हावा लागेल, पण कॅमेऱ्याला आर्द्रता दिसत नाही. हवेच्या दृष्टीने बाटलीसाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे जुलैतली मुंबई. तिथे ऊन नसतं म्हणून पॅनल चालत नाही, आणि पाणी छत्रीतूनच गळतं.

एसीवाल्याला का विचारायचं नाही ते आता कळलं असेल. तो म्हणेल, “साहेब, हवेतून पाणी काढायचं मशीन तुमच्या बेडरूमच्या खिडकीबाहेर ठिबकतंय की! त्याच्यावरूनच तर खालच्या काकू भांडायला येतात. दीड टनाचं आहे, दीड किलोवॉट खातं.”

पाण्यातून हवा काढायची असेल तर मार्ग आणखी सरळ आहे. ट्रायटन नावाचे कृत्रिम कल्ले २०१६ मध्येच इंडिगोगोवर आले. दातांत धरायचे आणि माशासारखं पाण्याखाली १५ फुटांवर ४५ मिनिटं श्वास घेत फिरायचं. पैसे जमले आठ लाख डॉलरच्या वर. इथला पाठकोरा कागद अगदी लहान आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो जेमतेम पाच मिलिलिटर. पोहणाऱ्या माणसाला मिनिटाला लागतो साधारण एक लिटर. म्हणजे मिनिटाला २०० लिटर पाणी तोंडातल्या त्या दांडीतून खेचायचं आणि त्यातला ऑक्सिजनचा कण न् कण काढून घ्यायचा. ४५ मिनिटांचे झाले ९,००० लिटर, मुंबईत सोसायटीला येतो तो टँकर जवळजवळ पूर्ण. लोकांनी हा हिशेब मांडायला सुरुवात केल्यावर पैसे परत झाले आणि मोहीम नव्याने उघडली. आता खुलासा असा, की आत द्रवरूप ऑक्सिजनच्या नळ्याही आहेत. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो आणि तो दातांत धरायचा आहे. पैसे पुन्हा आले. हे लक्षात घ्या आणि बॅकरच्या श्रद्धेला कमी लेखू नका.

प्लॅटफॉर्म, म्हणजे पैसे गोळा करायची वेबसाइट, नीट निवडा. किकस्टार्टरवर उद्दिष्ट गाठलं तरच मोहीम संपताना कार्डांवरून पैसे वळते होतात. इंडिगोगोवर लवचीक पद्धत घेतली तर उद्दिष्ट हुकलं तरी जमलेलं आपलं. किकस्टार्टरला प्रत्यक्ष काम करणारा प्रोटोटाइप, म्हणजे पहिला नमुना, लागतो, आणि संगणकावर काढलेली हुबेहूब चित्रं ते २०१२ पासून चालवून घेत नाहीत. २०१५ मध्ये स्कार्प नावाच्या लेझर रेझरला चाळीस लाख डॉलरच्या वर कबुली मिळाली होती, पण दाखवायच्या नमुन्याने एकेक केस कसाबसा कापला. किकस्टार्टरने मोहीम थांबवली आणि बॅकरांच्या कार्डांना धक्का लागला नाही. केवढं नुकसान! मंडळी लगेच इंडिगोगोवर गेली आणि तिथेही चार-पाच लाख मिळाले.

प्रोटोटाइपचं फार मनावर घेऊ नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडाच्या एका कंपनीने २५१ रुपयांच्या स्मार्टफोनची नोंदणी सुरू केली तेव्हा पाहायला दिलेल्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं, पांढऱ्या रंगाने झाकलेलं. नखाने खरवडलं की वाचता येत होतं. त्याने गर्दी हटली का? उलट वेबसाइट बसली.

आता फीचर. एक ना धड भाराभर चिंध्या हे इथलं ब्रीदवाक्य, आणि त्याचा आदर्श म्हणजे कूलेस्ट कूलर. अमेरिकेत पोर्टलंडला जन्मलेली ही बर्फाची पेटी. तिच्यात बॅटरीवर चालणारा ब्लेंडर, ब्लूटूथ स्पीकर, फोन चार्जर, बाटली उघडणी, आतला दिवा आणि जाडजूड चाकं. २०१३ च्या हिवाळ्यात सव्वा लाख डॉलर मागितले तर पूर्ण मिळाले नाहीत. हिवाळ्यात बर्फाची पेटी कोण घेणार? २०१४ च्या उन्हाळ्यात पन्नास हजार मागितले आणि एक कोटी ३२ लाख मिळाले, ६२,६४२ बॅकरांकडून. यातून घ्यायचा धडा म्हणजे उद्दिष्ट नेहमी कमी मागायचं. पन्नास हजारात प्लास्टिकचे भाग ओतायच्या साच्यांचा, म्हणजे इंजेक्शन मोल्डचा, पूर्ण संच होत नाही, ही गोष्ट फक्त मोल्डवाल्याला माहीत असते.

हा मोल्डवाला फार त्रासदायक प्राणी. तुमच्या चित्रात पेटीच्या भिंती सरळ उभ्या असतात. तो म्हणेल, “ड्राफ्ट कुठंय?” प्लास्टिकचा भाग साच्यातून सुटायला प्रत्येक उभ्या भिंतीला एक-दोन अंशांचा उतार लागतो, नाहीतर तो निघताना ओरखडे घेऊन निघतो किंवा निघतच नाही. स्क्रू बसायला आतून जाड खांब दिलात तर बाहेरच्या गुळगुळीत बाजूला खळगा पडतो. खटका बसायला आतल्या बाजूला हुक दिलात तर साच्यात सरकणारा भाग घालावा लागतो आणि साचा महाग होतो. पोलादात एकदा खोदलं, की तिथे लोखंड वाढवणं म्हणजे वेल्डिंग करून पुन्हा मशीनिंग. पहिला शॉट, ज्याला ते टी-वन म्हणतात, तो जवळजवळ कधीच पास होत नाही. आणि डिझायनरच्या आग्रहाखातर वरून ॲल्युमिनियमचं कव्हर केलंत, तर ब्लूटूथचा अँटेना आत गुदमरतो आणि हे प्रमाणपत्राच्या चाचणीतच कळतं. तेव्हा मोल्डवाल्याकडे जायचं ते पैसे जमल्यावर. आधी गेलात तर किंमत बरोबर लिहिण्याचा धोका संभवतो.

किंमत कशी चुकवायची तेही शिकून घ्या. समजा, तुम्ही १०० डॉलर घेतले. पाच प्लॅटफॉर्मचे, तीनच्या आसपास कार्डवाल्यांचे, उरले ९२. जाहिरात आणि व्हिडिओत समजा १५ गेले. कारखान्यातून वस्तू ५० ला बाहेर पडली. राहिले २७. त्यात मोल्डचा वाटा, बॅटरीच्या चाचण्या, रेडिओचं प्रमाणपत्र, खराब निघालेल्या नगांची बदली आणि घरपोच पाठवणं. सीएला विचारलंत तर तो म्हणेल, वस्तू बनवायला लागतो त्याच्या तिप्पट-चौपट भाव लावा. त्याचं ऐकलंत तर ‘अर्ली बर्ड’, म्हणजे लवकर येणाऱ्यांसाठीचा स्वस्त भाव, कोण घेणार?

कुरियरवाल्याला टाळायचं कारण त्याच्याजवळची मेजरटेप. तो पार्सल नुसतं तोलत नाही, लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतो. ६५ बाय ४५ बाय ४५ च्या खोक्याचे होतात २६ किलो. आत बारा किलोचा कूलर असो की थर्माकोल, भाडं २६ किलोचं. वर लिथियम बॅटरी, म्हणजे विमानाने न्यायला वेगळे कागद. मोहिमेच्या पानावर मात्र ‘जगभर पाठवतो’ असं बिनधास्त लिहा. पुण्यातल्या बॅकरच्या दारात खोकं आलं, की कस्टम ड्युटी तो भरेल, आणि ती वस्तूच्या किमतीवर आणि भाड्यावर मिळून लागते, हेही त्याला तेव्हाच कळेल.

कूलेस्टचं घोडं नेमकं इथे अडलं. एकेक कूलर बनवून पाठवायला खर्च येत होता तो बॅकरने दिलेल्यापेक्षा जास्त, म्हणजे जितके बॅकर तितका खड्डा खोल. मग चालू राहायचं तर नवे कूलर ॲमेझॉनवर चढ्या भावात विकायचे आणि त्या पैशातून जुन्यांचे पाठवायचे. पैसे देऊन वर्ष उलटलेला बॅकर पाहतोय, की शेजाऱ्याने काल मागवलेला कूलर आज आला! २०१६ मध्ये तर त्यांना सांगण्यात आलं, आणखी ९७ डॉलर भरा, तुमचा लवकर पाठवतो. वसुलीची ही पद्धत वहीत टिपून ठेवा.

पेबल या स्मार्ट घड्याळाचा दाखला कुणी दिला तर ऐकून घ्या आणि विसरा. त्यांनी २०१२ मध्ये एक कोटीच्या वर डॉलर जमवले आणि घड्याळं दिलीही, पण त्याआधी त्याच माणसांनी एक घड्याळ बनवून विकलेलं होतं. एवढी पूर्वतयारी कोण करतो? आणि तरीही त्यांना चार-पाच महिने उशीर झालाच. अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलच्या एका प्राध्यापकाने २०१५ मध्ये किकस्टार्टरचे हजारो प्रकल्प तपासले, तर कबूल केलेलं बक्षीस, म्हणजे बॅकरला द्यायची वस्तू, न देणारे निघाले नऊ टक्के. म्हणजे स्पर्धा तगडी आहे, आळस करून चालणार नाही.

वेल्समधल्या झानो ड्रोनवाल्यांनी आळस केला नाही. तळहातावर मावणारा, मालकामागे आपोआप उडणारा ड्रोन. २३ लाख पौंड, बारा हजारांवर बॅकर. प्रत्यक्षात आलेले थोडे ड्रोन काही मिनिटं उडून भिंतीवर आपटत, आणि २०१५ च्या नोव्हेंबरात कंपनी दिवाळखोरीत निघाली. काय झालं हे शोधायला किकस्टार्टरने शेवटी एका पत्रकाराला पैसे देऊन नेमलं. तुमच्यावरही अशी वेळ यावी, ही सदिच्छा.

राहता राहिलं बॅकरांसाठी अपडेट लिहिणं, आणि खरी कला इथेच आहे. विषयाच्या ओळीत ‘आनंदाची बातमी’ असावी. पहिल्या परिच्छेदात साच्याचा फोटो. लोकांना पोलाद पाहिलं की धीर येतो. दुसऱ्यात उशिराचं कारण, पण ते दूरचं हवं. चिनी नववर्ष दरवर्षी येतं, कारखाने तेव्हा खरोखरच बंद असतात, आणि तुम्ही दरवर्षी चकित होऊ शकता. कूलेस्टच्या ब्लेंडरची मोटर बनवणाऱ्या कारखान्यात संप झाला होता, तेही कारण चांगलं. तिसऱ्यात नवा रंग जाहीर करा आणि मत मागवा. निळा की केशरी यावर लोक आठवडाभर वाद घालतात आणि तारीख विचारायचं विसरतात. वितरणाची तारीख सुरुवातीपासूनच लांबची ठेवलीत, तर कार्डवरून पैसे परत मागायची मुदत बहुधा वाट पाहण्यातच संपते.

शेवटच्या अपडेटसाठी कारण मात्र ताजं राखून ठेवा. कूलेस्टने डिसेंबर २०१९ मध्ये दुकान बंद केलं तेव्हा वीसेक हजार बॅकरांना कूलर मिळालेला नव्हता. दोष गेला चिनी मालावर अमेरिकेने लावलेल्या जकातीकडे. जकात लागली २०१८ मध्ये. कूलर द्यायचे होते फेब्रुवारी २०१५ मध्ये. अपडेट लिहिताना या दोन तारखा एका परिच्छेदात आणू नयेत.