‘खडबडीत पृष्ठभाग म्हणजे कंपन्यांचा धंदा’: निपाणीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार सर,

तुमचा आक्षेप असा: स्वीडनचे डॉक्टर ब्रेनमार्क यांनी १९६५ साली कृत्रिम दातांसाठी जबड्यात बसवलेले गुळगुळीत टायटॅनियमचे स्क्रू (म्हणजेच इम्प्लांट) जन्मभर टिकले, मग आता स्क्रू खडबडीत करायच्या ‘सँडब्लास्ट’ (वाळूचा मारा), ‘ॲसिड’ अशा पद्धतींची नावं सांगून निपाणी-चिकोडीच्या पेशंटकडून जादा पैसे का घ्यायचे?

स्क्रू टिकले हे खरंच. त्यांचे ते पहिले पेशंट गोस्टा लार्सन २००६ साली वारले, तोवर ते शाबूत होते. पण ते खालच्या जबड्यात होते. तिथलं हाड घट्ट असतं. वरच्या दाढांच्या जागी ते भुसभुशीत असतं आणि गुळगुळीत स्क्रू निकामी होण्याचं प्रमाण तिथेच जास्त दिसलं.

खरा फरक पहिल्या काही आठवड्यांत पडतो. स्क्रू बसला की त्याच्याभोवती रक्त साकळतं, फायब्रिनचे (रक्ताची गाठ धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे) तंतू धातूला चिकटतात. पुढे ती गाठ आकसते. गुळगुळीत धातूवरून तंतू सुटतात, मग हाड भोकाच्या भिंतीकडून हळूहळू सरकत येतं. खडबडीत पृष्ठभागावर तंतू धरून राहतात. हाड तयार करणाऱ्या पेशी त्यांच्यावरून थेट धातूपर्यंत पोचतात आणि तिथेच हाड घालायला लागतात. जुनं हाड झिजून नवं अजून पक्कं व्हायचं असतं, तेव्हा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड सैल होते. त्या दिवसांत ही सुरुवात फार मोलाची ठरते. वाळूच्या माऱ्यानंतर ॲसिडने कोरलेल्या पृष्ठभागामुळे चांगल्या हाडात स्क्रूवर दात बसवण्याआधीची बारा आठवड्यांची वाट सहा आठवड्यांवर आली, ती यामुळेच.

अर्थात जितकं खरखरीत तितकं चांगलं, असं मुळीच नाही. साधारण एक ते दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खडबडीतपणा बरा. प्लाझ्माने (रक्तातला नव्हे, अतितप्त वायूच्या झोताने) फवारलेले फार खरखरीत पृष्ठभाग मागे पडले. हायड्रॉक्सीॲपेटाइटचा (हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाचा) जाड लेप काही ठिकाणी सुटून आला. हिरडी खाली सरकून खडबडीत भाग उघडा पडला, तर त्यावर जंतूंचा थर लवकर बसतो आणि निघता निघत नाही. हे पेशंटला आधी न सांगता नुसतं ‘नवं तंत्रज्ञान’ म्हणून गळ्यात मारणं मलाही संतापजनक वाटतं.

खालच्या पुढच्या घट्ट हाडासाठी सर्वांत महागड्या पृष्ठभागाचा आग्रह मी धरणार नाही. तुम्हाला मात्र वरची दाढ बसवायची आहे आणि तंबाखू सुटलेली नाही, असं तुम्हीच लिहिलंय. तिथे गुळगुळीत स्क्रूच्या वाटेला जाऊ नका. आधी हाडाचा स्कॅन करून घ्या, तंबाखू आत्तापासूनच बंद करा आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर डॉक्टरांकडून मागून घेऊन फाइलला लावून ठेवा.