मॉकवाली टेस्ट म्हणजे खोटी टेस्ट? अजिबात नाही

वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्या मुलांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: मॉक, म्हणजे टेस्टपुरता खऱ्या गोष्टीच्या जागी बसवलेला नकली ऑब्जेक्ट, वापरून लिहिलेली टेस्ट खोटी असते, ती कायम पासच होते. पेमेंट गेटवेवाले सॅन्डबॉक्स (खरे पैसे न कापणारी, टेस्टसाठीची सर्व्हिस) देतात तर थेट तिथेच टेस्ट करा. कोडला जरा हात लावला की मॉकवाल्या टेस्ट फुटतात, त्यामुळे नवशिक्यांनी मॉक शिकूच नये. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण हे वाचून मुलं मॉक सोडतात आणि मग बाहेरच्या सर्व्हिसला हात लावणाऱ्या कोडच्या टेस्टच लिहीत नाहीत.

आधी ‘कायम पास होते’ घेऊ. पायथॉनचा साधा मॉक कशालाही हो म्हणतो, नसलेली मेथड कॉल करा, आर्ग्युमेंट उलटेसुलटे द्या, तो निमूट आणखी एक मॉक हातात ठेवतो, एवढं खरंय. पण त्यावरचा उपाय त्याच लायब्ररीत आहे! युनिटटेस्ट डॉट मॉक २०१२ मध्ये पायथॉन ३.३ सोबत स्टँडर्ड लायब्ररीत आलं, त्यात ऑटोस्पेक आहे, म्हणजे मॉकला खऱ्या क्लासच्या मापाचं बनवणारी सोय. पॅच करताना, म्हणजे खऱ्याच्या जागी मॉक बसवताना, ऑटोस्पेक ट्रू ठेवा, मग खऱ्या क्लासमध्ये नसलेली मेथड बोलावली की ॲट्रिब्यूट एरर आणि आर्ग्युमेंट चुकले की टाइप एरर. गेटवेचं उत्तर कसं दिसतं हे मात्र ऑटोस्पेकला कळत नाही, ते वेगळं तपासावं लागतं, त्यावर पुढे येतोच.

आता सॅन्डबॉक्स. ‘खरी सर्व्हिस आहे तर नक्कल कशाला’ हे ऐकायला बरोबर वाटतं म्हणून यावर जरा जास्त लिहितो. समजा ग्राहकाने ४९९ रुपयांची ऑर्डर दिली, आपण गेटवेला रिक्वेस्ट पाठवली, तिकडे पैसे कापले गेले पण उत्तर यायच्या आत कनेक्शन तुटलं, आपल्या कोडला फक्त टाइमआउट दिसला आणि त्याने पुन्हा प्रयत्न केला. पैसे दोनदा कापले जाणार की नाही? प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या ग्राहकांसमोर, खरा त्रास देणारी केस हीच, आणि सॅन्डबॉक्सला ‘आत्ता बरोबर या क्षणी उत्तर गाळ’ असं सहसा सांगता येत नाही. मॉकमध्ये एका ओळीचं काम आहे: मॉकच्या साइड इफेक्ट या सेटिंगला लिस्ट द्यायची, पहिल्या जागी टाइमआउट एक्सेप्शन, दुसऱ्या जागी यशस्वी उत्तर. मॉक पहिल्या कॉलला एक्सेप्शन फेकतो, दुसऱ्याला उत्तर देतो. मग दोन्ही कॉलमध्ये ‘आयडेम्पोटन्सी की’ (रिक्वेस्टसोबत जाणारा ओळख-कोड) एकच गेली का ते तपासायचं. स्ट्राइपसारखे गेटवे ही की बघूनच ओळखतात की रिक्वेस्ट जुनीच आहे. रिट्रायच्या वेळी कोडने नवीन की बनवली तर टेस्ट लगेच लाल, म्हणजे नापास, होते. अशी टेस्ट खोटी कशी म्हणायची?

वेळेचंही तसंच. ओटीपी पाच मिनिटांनी बाद होतो हे तपासायला पाच मिनिटं कोण थांबणार? आणि आपल्याकडची नेहमीची भानगड म्हणजे रात्री बारा ते साडेपाच, तेव्हा भारतात तारीख बदललेली असते आणि यूटीसीमध्ये, म्हणजे सर्व्हरवर सहसा असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, कालचीच असते, म्हणून ‘आज शेवटचा दिवस’ वालं कूपन बरोब्बर त्या वेळात चुकीचं वागतं. फ्रीझगन या पायथॉन लायब्ररीने घड्याळ भारतीय वेळेच्या रात्री दोनवर गोठवा आणि टेस्ट चालवा, दिवसाढवळ्या सापडेल.

‘कोडला हात लावला की फुटतात’ हा मुद्दा मला बराचसा मान्य आहे, पण दोष मॉकचा नाही, जागेचा आहे. आपलीच फंक्शनं एकमेकांपासून लपवायला मॉक लावले की फंक्शनचं नाव बदललं तरी दहा टेस्ट पडतात. मॉक ऑब्जेक्ट्सवरचा पहिला पेपर २००० साली टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी मांडला, आणि मॅकिनन-फ्रीमन ज्यात होते त्याच २००४ च्या पेपरात स्पष्ट सांगितलंय की जे टाइप (क्लास, इंटरफेस) तुमचे स्वतःचे आहेत तेवढेच मॉक करा. म्हणजे गेटवेच्या लायब्ररीवर आपला एक पातळ क्लास लिहा, बाकीच्या टेस्टमध्ये तो क्लास मॉक करा, आणि त्या क्लासच्या मोजक्या टेस्ट खऱ्या सॅन्डबॉक्सवर रात्री वेगळ्या चालवा. उत्तराचा साचा बदलला तर तिथे कळतं. सॅन्डबॉक्सची खरी जागा ही. डेटाबेस तर मॉक करूच नका, जँगो हे पायथॉनचं वेब फ्रेमवर्क टेस्टसाठी वेगळा डेटाबेस बनवतं आणि त्याच्या टेस्टकेस क्लासमधली प्रत्येक टेस्ट झाली की बदल मागे घेतं. आणि हो, तेच जँगो टेस्ट चालू असताना ईमेल बाहेर पाठवत नाही, मेमरीतल्या आउटबॉक्समध्ये ठेवतं. नक्कल नको म्हणणारेही जँगो वापरत असतील तर ती सोय वापरतातच.

राहिलं ‘नवशिक्यांनी शिकूच नये’. बहुतेकांचा धीर पॅचच्या पाथवर, म्हणजे कुठल्या फाइलमधलं नाव बदलायचं यावर, सुटतो. पेमेंट्स फाइलमधलं चार्ज फंक्शन ऑर्डर्स फाइलने फ्रॉम-इम्पोर्ट करून घेतलंय आणि तुम्ही पेमेंट्समधलं पॅच केलंत, तर ऑर्डर्सकडे जुनंच खरं फंक्शन राहतं आणि कॉल खराखुरा बाहेर जातो. नाव जिथे वापरलंय तिथे पॅच करायचं, म्हणजे ऑर्डर्समधलं चार्ज. हे एकदा कोणीतरी शेजारी बसून दाखवलं की अर्धी भीती जाते. आणि टेस्ट हिरवी झाली की मुद्दाम कोड बिघडवून बघा, रिट्रायची ओळ कमेंट करा, लाल झाली तरच टेस्ट ठेवा, नाहीतर पुन्हा लिहा.